बिज्वेल्ड ३ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिज्वेल्ड ३ हा नेमका कुठला खेळ?

शेजारच्या दोन खड्यांची अदलाबदल करून एकाच रंगाचे तीन खडे ओळीत आणायचे की ते फुटतात, वरचे खाली घसरतात आणि रिकाम्या जागी नवे येतात. हा खेळ जगभर पोचवला तो पॉपकॅप या अमेरिकन कंपनीने. जेसन कपाल्का, ब्रायन फीटे आणि जॉन वेची या तिघांनी २००० साली ती काढली. पहिला खेळ २००१ चा, ब्राउझरमध्ये चालणारा, आणि सुरुवातीला त्याचं नाव होतं डायमंड माइन. दुसरा भाग २००४ मध्ये आला आणि तिसरा ७ डिसेंबर २०१० ला, विंडोज आणि मॅकसाठी. पुढच्या वर्षी तो प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि निन्टेन्डो डीएसवरही आला. त्याच २०११ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पॉपकॅप विकत घेतली.

तीन खडे जुळवण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. १९९४ मधल्या शारिकी या रशियन खेळात ती दिसते.

माझ्याकडे दुसरा भाग आहे. मग तिसरा कशाला घ्यायचा?

तिसऱ्या भागात मूळ नियमाला हातच लावलेला नाही. पट तोच, ८ बाय ८, आणि खड्यांचे रंगही तेच ७. बदललंय ते हरण्याचं कारण. क्लासिकमध्ये चाली संपून हरता, लाइटनिंगमध्ये वेळ संपून. एका प्रकारात कोळी फुलपाखरू पकडतो, दुसऱ्यात बर्फ वरपर्यंत चढतो, तिसऱ्यात नाणं उलटं पडतं. त्यामुळे तेच चौसष्ट खडे प्रत्येक प्रकारात वेगळ्या नजरेने वाचावे लागतात. दुसऱ्या भागात मुख्य प्रकार चार होते: क्लासिक, अॅक्शन, पझल आणि एंडलेस. इथे आठ आहेत, आणि एकाची सवय दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही. आमच्या मते सुधारित भाग म्हणतात तो असाच असावा.

दुसरी मोठी भर म्हणजे खास खडे (ते कसे बनतात आणि काय करतात ते पुढे सांगितलं आहे). दुसऱ्या भागात स्फोट करणारा एक खडा होता आणि हायपरक्यूब होता. तिसऱ्यात स्टार जेम आणि सुपरनोव्हा आले. त्यामुळे नुसते तीन जुळवत बसण्यापेक्षा आकार रचण्याला किंमत आली.

फोनवर मिळतो का?

फोनवर बिज्वेल्ड क्लासिक नावाची वेगळी आवृत्ती आली. ती याच कुळातली आहे, पण तीत सगळे प्रकार नाहीत. क्वेस्ट या कोड्यांच्या प्रकारासकट पूर्ण खेळ हवा असेल तर कॉम्प्युटरची आवृत्ती घ्या. ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात मिळते. दुसरा खेळाडू लागत नाही. खेळ पूर्णपणे एकट्याचा आहे.

इंग्रजी येत नसेल तर अडतं का?

खेळ मराठीत नाही, पण वाचण्यासारखं फार थोडं आहे. ‘नो मोअर मूव्ह्ज’ म्हणजे आता एकही चाल उरली नाही. ‘हिंट’ दाबलं की पटावरची एक शक्य चाल दाखवली जाते. लक्षात ठेवा, हिंट चाल दाखवते, चांगली चाल दाखवेलच असं नाही. समोर पाच जुळण्याची संधी असताना ती कोपऱ्यातले तीन दाखवून मोकळी होऊ शकते. क्वेस्टमध्ये मात्र प्रत्येक कोड्याआधी दोन ओळी सूचना असते. ती समजून न घेता खेळलं तर कोडं हमखास हुकतं.

खास खडे कसे बनतात आणि काय करतात?

४ एका ओळीत जुळले की फ्लेम जेम, म्हणजे जळता खडा. तो पुढच्या जुळणीत आला की आजूबाजूचे आठ खडे घेऊन फुटतो.

५ खडे इंग्रजी एल किंवा टी अक्षराच्या आकारात जुळले की स्टार जेम. तो फुटला की त्याची पूर्ण आडवी आणि पूर्ण उभी ओळ साफ होते.

५ सरळ एका ओळीत जुळले की हायपरक्यूब. त्याला स्वतःचा रंग नसतो. शेजारच्या कुठल्याही खड्याशी त्याची अदलाबदल करा, त्या रंगाचे पटावरचे सगळे खडे उडतात. दोन हायपरक्यूब एकमेकांशी बदलले तर सगळा पटच साफ होतो.

६ एका ओळीत जुळले की सुपरनोव्हा. तो स्टार जेमसारखाच उभा-आडवा फुटतो, पण तीन ओळींच्या रुंदीने.

खास खड्याच्या स्फोटात दुसरा खास खडा सापडला तर तोही फुटतो. म्हणून ते एकमेकांपासून लांब ठेवायचे की जवळ, हा निर्णय घ्यावा लागतो. वेळेवर चालणाऱ्या प्रकारांत जवळ असलेले बरे, एका धक्क्यात सगळी माळ लागते. क्लासिकमध्ये लांब ठेवा. तिथे दोन खडे एकदम जाण्यापेक्षा एकेक करून दोन अडचणींतून सुटका झालेली चांगली.

मला सहा कधीच जुळवता येत नाहीत. चूक कुठे होते?

चूक तुमची नाही. साध्या एका चालीने स्थिर पटावर सहा जुळूच शकत नाहीत. मधली जागा सोडून एका बाजूला जास्तीत जास्त दोन सारखे खडे उभे राहू शकतात, कारण तिसरा आला की ते आधीच फुटतात. दोन, मधला एक आणि पुन्हा दोन, असे पाचच होतात. सहा होतात ते खडे घसरत असताना, शेजारशेजारच्या ओळी एकदम खाली येऊन नेमक्या एका रांगेत बसल्या तर. म्हणून सुपरनोव्हाच्या मागे लागू नका. मिळाला तर मात्र वाया घालवू नका. पटाच्या मधोमध असताना तो फोडा. कडेला फुटला तर त्याची एक ओळ पटाबाहेर जाते.

हायपरक्यूब आणि स्टार जेम मुद्दाम कसे रचायचे?

आधी हायपरक्यूब. पटावर ज्या रंगाचे खडे सर्वांत जास्त दिसतात तो रंग धरा, समजा लाल. एका आडव्या रांगेत लाल, लाल, दुसरा रंग, लाल, लाल असं हवं. पाचवा लाल मधल्या जागेच्या थेट वर किंवा थेट खाली हवा. तो मधे सरकवला की पाच पूर्ण.

बहुतेकांचं इथेच बिनसतं. रचना अर्धी झाल्यावर ते तिच्या खालच्या ओळींत जुळणी करतात. खाली खडे फुटले की वरचं सगळं एक घर खाली येतं, पण त्या तीनच उभ्या ओळींत. शेजारच्या जागच्या जागी राहतात आणि रांग मोडते. उलट, रचनेच्या वरच्या भागात जुळणी केली तर खालचा एकही खडा हलत नाही. म्हणून पटाच्या खालच्या अर्ध्यात रचा आणि जुळवाजुळव वरच्या अर्ध्यात करा.

स्टार जेमसाठी कोपऱ्याचं घर आधी ठरवा. एल हवा असेल तर त्या घराच्या उजवीकडे दोन सारखे आणि खाली दोन सारखे आणा. पाचवा खडा डावीकडून किंवा वरून, दोन्ही बाजूंनी आत येऊ शकतो. टी हवा असेल तर घराच्या डावी-उजवीकडे एकेक आणि खाली दोन. इथे पाचवा फक्त वरूनच येऊ शकतो, बाकी तिन्ही बाजू आधीच त्याच रंगाने भरलेल्या असतात. म्हणून एल सोपा. नवशिक्याने एलच शोधावा.

क्लासिक मोडमध्ये चाली लवकर संपतात. काय करावं?

एक हायपरक्यूब कायम हाताशी ठेवा. तो कुठल्याही शेजाऱ्याशी बदलता येतो, त्यामुळे तो पटावर असेपर्यंत निदान एक चाल शिल्लक असतेच. पहिला हायपरक्यूब मिळाल्या मिळाल्या वापरून टाकणं हे खेळ लवकर संपण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. दुसरा तयार झाला की मगच पहिला वापरा.

चाली विरळ दिसायला लागल्या तर वर सांगितलेला नियम उलटा करा. आता रचना जपायची नसते, पट ढवळायचा असतो. जितकी खाली जुळणी कराल तितके जास्त खडे हलतात, नवे शेजार तयार होतात आणि आपोआप जुळण्या लागण्याची शक्यता वाढते. समोर एकच वरची आणि एकच खालची चाल असेल तर खालची घ्या. घेण्याआधी मात्र बघा, ती घेतल्यावर वरची मोडत तर नाही ना.

चार मोडना कुलूप दिसतं. ते कसं उघडतं?

सुरुवातीला क्लासिक, झेन, लाइटनिंग आणि क्वेस्ट हे चार उघडे असतात. प्रत्येकातून एक नवा सुटतो:

क्लासिकमध्ये लेव्हल ५ गाठली की पोकर.
झेनमध्ये लेव्हल ५ गाठली की बटरफ्लाइज.
लाइटनिंगमध्ये १ लाख गुण झाले की आइस स्टॉर्म.
क्वेस्टमधली ४ कोडी सोडवली की डायमंड माइन.

सर्वांत सोपं बटरफ्लाइज, कारण झेनमध्ये हरताच येत नाही. अवघड वाटतं ते आइस स्टॉर्म.

लाइटनिंगमध्ये १ लाख कसे करायचे?

सुरुवातीला एकच मिनिट मिळतं. त्या मिनिटात किती खडे फोडले यापेक्षा किती वेळ साठवला, ते महत्त्वाचं. पटावर अधूनमधून ५ किंवा १० सेकंद लिहिलेले खडे दिसतात. ते जुळवले की तो वेळ साठतो. मिनिट संपलं की साठवलेल्या वेळाची पुढची फेरी सुरू होते आणि गुणांचा गुणक वाढतो. म्हणजे तेच तीन खडे दुसऱ्या फेरीत जास्त गुण देतात. सुरुवातीच्या फेरीत गुणांसाठी नजर फिरवत बसू नका, आकडे लिहिलेले खडे आधी उचला.

फेरी संपताना पटावर उरलेले खास खडे आपोआप फुटतात. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत ते फोडायला धावू नका, त्या वेळात एखादी साधी जुळणी करा.

वेगाचा बोनस लागोपाठच्या पटापट चालींवर चढतो आणि थांबलात की उतरतो. तो टोकाला पोचला की काही वेळ प्रत्येक जुळणी स्फोट करते. पट सगळीकडे चाळत राहिलात तर हा वेग येत नाही. अर्धा पट ठरवून घ्या आणि तिथेच खेळा. एका बाजूला खडे घसरत असताना दुसऱ्या बाजूला चाल करता येते, पट शांत होण्याची वाट बघू नका.

बटरफ्लाइजमध्ये दहा-बारा चालींतच हरतो. का?

कारण बहुधा तुम्ही जुळणी शोधत असता, फुलपाखरू शोधत नसता. या प्रकारात वेळ मोजला जात नाही, चाली मोजल्या जातात. प्रत्येक चालीनंतर पटावरची सगळी फुलपाखरं एकेक घर वर सरकतात आणि खालून नवी येतात. वर कोळी बसलेला असतो. एक जरी फुलपाखरू पटाच्या वरच्या कडेपलीकडे गेलं की खेळ खलास. फुलपाखरू सुटतं ते त्याच्याच रंगाच्या दोन खड्यांशी जुळलं की.

म्हणून चालीआधी प्रत्येक वेळी सर्वांत वरचं फुलपाखरू बघा. त्याच्या रंगाची जुळणी लगेच होत नसेल तर दुसरा उपाय हाताशी असतो, तो म्हणजे त्याला खाली आणणं. फुलपाखरूही खड्यासारखंच घसरतं. त्याच्या खालच्या उभ्या ओळीत तीन खडे उभे जुळवले तर ते तीन घरं खाली येतं, आणि त्या चालीचं एक घर वर जाणं वजा केलं तरी दोन घरांचा फायदा राहतो. आडवी जुळणी केली तर ते एकच घर खाली येतं आणि लगेच एक घर वर जातं, म्हणजे जिथल्या तिथे. संकटात उभी जुळणी, हे इथे पाठ करून ठेवा.

दुसरी गोष्ट. फुलपाखरू वर सरकताना वरच्या खड्याशी जागा बदलतं, त्यामुळे आधी दिसलेली चाल पुढच्या पाळीला तिथे नसेल. दोन चाली पुढचं रचायचं असेल तर फुलपाखरू एक घर वर आहे असं धरून रचा. हायपरक्यूब मिळाला तर जास्त खड्यांचा रंग नको, सर्वांत वर पोचलेल्या फुलपाखराचा रंग निवडा.

आइस स्टॉर्ममध्ये उभी जुळणी चांगली की आडवी?

खालून बर्फाचे खांब वर येतात. आडवी जुळणी तिच्या तिन्ही उभ्या ओळींतले खांब थोडे खाली ढकलते. उभी जुळणी तिच्या ओळीतला खांब फोडून टाकते. तेव्हा शेजारचे तीन खांब एकत्र चढत असतील तर आडवी, एकच खांब डोक्यावर आला असेल तर उभी. खांब वर टेकला की लगेच हार होत नाही. कवटी दिसते आणि फोडायला थोडे सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याच ओळीत उभी जुळणी शोधा, दुसरीकडे बघूच नका.

पोकर येत नसेल तर तो मोड खेळता येतो का?

येतो. प्रत्येक जुळणी म्हणजे त्या रंगाचा एक पत्ता, पाच जुळण्यांचा एक हात. चढत्या क्रमाने हात असे: एक जोडी, पाचही वेगळे रंग, दोन जोड्या, तीन सारखे, तीन आणि दोन, चार सारखे, पाचही सारखे. हात रिकामा जातच नाही.

थोड्या वेळाने कमी किमतीच्या हातांवर कवटी येऊन बसते. कवटीवाला हात लागला की नाणं उडतं, आणि नाण्यावर कवटी आली तर खेळ संपतो. चांगले हात केले की एक पट्टी भरते आणि ती भरली की एक कवटी निघून जाते. म्हणून पाचवी जुळणी करण्याआधी एकदा यादीकडे नजर टाका. पहिले तीन पत्ते वेगवेगळे आले असतील आणि जोडीवर कवटी असेल, तर उरलेले दोनही वेगळे रंगच घ्या. कवटी टळते आणि जोडीपेक्षा वरचा हात मिळतो.

डायमंड माइनमध्ये वेळ पुरत नाही.

सुरुवातीला दीड मिनिट असतं. खालच्या रांगांत माती असते आणि मातीला चिकटून झालेली जुळणी ती फोडते. ठरावीक रेषेच्या वरची माती साफ झाली की ३० सेकंद मिळतात. सगळीच साफ केली तर त्याहून बरेच जास्त. मातीच्या थेट वर आडवी जुळणी केली तर तिच्याखालची तीन घरं एकदम फुटतात. उभ्या जुळणीच्या खाली एकच घर असतं, पण अरुंद खड्ड्यात ती कामाची, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या मातीलाही ती लागते. मातीत पुरलेल्या सोन्याच्या मोहात एकाच कोपऱ्यात खोल जाऊ नका. रेषेवर उरलेलं एक ढेकूळ सगळा वेळ खातं.

२००१ चं पहिलं नाव या मोडला दिलं आहे, हे जुन्या खेळाडूंना आवडेल.

क्वेस्टमध्ये किती कोडी आहेत? सगळी सोडवावी लागतात का?

५ भाग, प्रत्येकात ८, एकूण ४०. एका भागातली ४ झाली की पुढचा भाग उघडतो, त्यामुळे एकावर अडून बसायची गरज नाही. अल्केमीत पटावरची सगळी घरं सोन्याची करायची असतात, म्हणजे प्रत्येक घरावर एकदा तरी जुळणी व्हायला हवी. तिथे कोपरे आधी संपवा, कारण कोपऱ्यातून जाणारी जुळणी सर्वांत दुर्मीळ. बॅलन्समध्ये दोन रंगांचा तराजू सांभाळायचा असतो, तेव्हा आपोआप लागणाऱ्या साखळ्या त्रासदायक ठरतात. म्हणून वरच्या ओळींतच खेळा. टाइम बॉम्बमध्ये सर्वांत लहान आकड्याचा बॉम्ब आधी, बाकी सगळं नंतर.

झेनमधले आवाज आणि श्वासाची पट्टी कशासाठी?

झेन संपत नाही. पाऊस, समुद्र असे आवाज लावता येतात, श्वास आत-बाहेर घेण्याची लय दाखवता येते, पडद्यावर छोटी इंग्रजी वाक्यं येऊ देता येतात. बायनॉरल बीट्स लावणार असाल तर हेडफोन हवाच. त्यात दोन कानांना किंचित वेगवेगळ्या वारंवारितेचे सूर जातात. स्पीकरवर ते हवेतच मिसळतात आणि हेतू निघून जातो. नको असेल ते सगळं बंद करता येतं.

रंग नीट ओळखता येत नसतील तर?

प्रत्येक रंगाचा आकार वेगळा आहे. लाल चौकोनी, जांभळा त्रिकोणी, पांढरा गोल, नारिंगी षट्कोनी, वगैरे. लाल आणि हिरवा सारखा दिसणाऱ्यालाही आकारावरून खेळता येतं. स्फोटांच्या धामधुमीत मात्र आकार पटकन दिसत नाहीत, तेव्हा वेळेचे मोड सोडून झेनपासून सुरुवात करा.

काही उणं नाहीच का?

आहे. दुसऱ्या भागातला पझल मोड गेला. ठरलेले खडे, ठरलेल्या चाली, नशिबाचा भाग शून्य, असं शुद्ध डोकं चालवणारं कोडं क्वेस्टमध्ये फारसं मिळत नाही, कारण तिथे वरून नवे खडे पडत राहतात. ज्यांना तोच प्रकार आवडत होता त्यांनी दुसरा भाग काढून टाकू नये.

घरात एकच कॉम्प्युटर आहे. दोघांचा खेळ एकमेकांत मिसळेल का?

नाही, प्रत्येकाने आपल्या नावाने वेगळं खातं करावं. मोडची कुलपं, गुण आणि अर्धवट राहिलेला पट त्या त्या नावाखाली राहतो. मधेच बंद केलं तरी क्लासिकचा पट दुसऱ्या दिवशी जिथे होता तिथेच मिळतो. सुरू करताना वर कुणाचं नाव दिसतंय ते मात्र बघा, नाहीतर आईच्या साठव्या लेव्हलमध्ये तुमची चाल पडेल.